केबल काढा म्हणणं सोपंय, घरात आई असेल तर नाही

एका लेखात वाचलं की आता केबलला पैसे देणं म्हणजे वाया, ओटीटी म्हणजे इंटरनेटवरून चालणारी अ‍ॅप घ्या. मला नाही पटत पूर्ण. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, इथे केबलवाल्याच्या पॅकमध्ये सगळं हिंदीच येतं, मराठी चॅनल वेगळे मागावे लागतात, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या केबलवाल्याने न सांगता आईचे दोन्ही मराठी चॅनल बंद केले, फोन केला तर म्हणे इधर कौन देखता है. फार वाईट वाटलं हो. तेव्हा चिडून मी केबल काढली आणि अ‍ॅप घेतलं. मालिका सगळ्या मिळाल्या, पण आई ७४ वर्षांची, तिला रिमोटवर एक नंबर दाबायची सवय, प्रोफाइल निवडा, लॉगिन करा हे तिला जमत नाही, मी ऑफिसला गेलो की टीव्ही बंदच.

आणि ओटीटी स्वस्त तरी कुठे राहिलंय? २०१९ ला ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनच्या सरकारी नियामकाचे, नियम आले तेव्हा केबलचा बेस चार्ज जास्तीत जास्त १३० अधिक जीएसटी होता, नंतर २०२४ मध्ये ती मर्यादाही काढली, ते मान्य. पण अ‍ॅमेझॉन प्राइमवर जून २०२५ पासून पैसे भरूनही जाहिराती येतात, नको असतील तर महिन्याला १२९ वेगळे! मग केबलमध्ये आणि यात फरक काय राहिला?

शेवटी दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशची छत्री लावली, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री लागतं, आई सकाळी स्वतः लावते. अ‍ॅप एकच ठेवलंय, ते मुलांच्या परीक्षा आल्या की बंद करतो.