‘द ऑफिस’ला स्क्रिप्ट होती, पोरांनो

गेले पंधरा दिवस एक फॉरवर्ड कोल्हापुरातल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ‘द ऑफिस या जगप्रसिद्ध मालिकेची सहा सत्यं’ असं मथळ्यात, आणि खाली सहा ओळी. (‘द ऑफिस’ म्हणजे कागद विकणाऱ्या कंपनीच्या ऑफिसवरची अमेरिकन विनोदी मालिका, कुणी माहितीपट काढतंय अशा थाटात चित्रित केलेली.) मालिकेला स्क्रिप्टच नव्हती, कलाकार सुचेल ते बोलायचे. खऱ्या ऑफिसात छुपे कॅमेरे लावून शूटिंग झालं. सगळं एकाच खोलीत, त्यामुळे खर्च जवळपास शून्य. ब्रिटिश मालिकेची ही जशीच्या तशी नक्कल. ऑफिसचा मॅनेजर मायकल स्कॉट झालेला स्टीव्ह कॅरेल पैशाच्या हावेपायी सोडून गेला. आणि आता त्यातल्या दोघी जणी मोबाईल मध्ये ठेवून तासभर गप्पा हाणतात, त्यालाच ‘ऑफिस लेडीज’ पॉडकास्ट म्हणतात. शेवटी उपदेश: ‘म्हणून लिहीत बसू नका, मोबाईल लावा आणि सुरू करा.’

नुसतं मनोरंजन म्हणून फिरत असतं तर सोडून दिलं असतं. पण राजारामपुरीतल्या आपल्या घरच्याच पोरांनी हे वाचून चार महिने खपून लिहिलेली वही बाजूला ठेवली. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या ऑफिसवर वेबमालिका करणार होती ती. आता म्हणतात, ‘जमंल तसं बोलूया, तिकडं बी असंच करत्यात.’ तिकडं असं अजिबात करत नव्हते.

पहिली ओळ आधी घेतो, कारण खरं नुकसान तिच्यात आहे. पुरावा म्हणून फॉरवर्डमध्ये तिसऱ्या सीझनचा पहिला भाग दिलाय, ‘गे विच हंट’. २१ सप्टेंबर २००६ ला तो दाखवला गेला. ऑफिसातला ऑस्कर समलिंगी आहे हे मायकलकडून ऑफिसभर झालेलं असतं, आणि आपल्या मनात काही नाही हे दाखवायला तो भर मीटिंगमध्ये ऑस्करला मिठी मारतो आणि शेवटी त्याचं चुंबनच घेतो. हे चुंबन स्क्रिप्टमध्ये नव्हतं. ऑस्करचं काम करणाऱ्या ऑस्कर नुनेझने हे स्वतः सांगितलंय, त्यामुळे एवढं मान्य करावंच लागेल. लिहिलेली होती ती मिठी. कॅरेलने टेक चालू असताना तोंड पुढे पुढे नेलं आणि बाकीच्यांचे चेहरे खरोखरच थिजले.

पण पुढचं फॉरवर्डवाल्याने सांगितलेलं नाही. याच भागासाठी, ही मालिका अमेरिकेत उभी करणाऱ्या ग्रेग डॅनियल्सला २००७ चा एमी मिळाला, आणि तो एमी विनोदी मालिकेच्या लेखनाचा होता. ज्या भागाचं नाव घेऊन ‘स्क्रिप्टच नव्हती’ म्हणताय, नेमक्या त्याच भागाच्या स्क्रिप्टला अमेरिकन टीव्हीतलं लेखनाचं सगळ्यात मोठं बक्षीस आहे. २००७ च्या एमीची यादी कुणालाही बघता येते. फॉरवर्ड करायच्या आधी दोन मिनिटं काढली असती तर हा मुद्दा तिथेच मेला असता.

तो सीन परत लावून नीट बघा. मायकलला काय सिद्ध करायचंय ते ठरलेलं आहे. ऑस्करला ते नकोय, हे ठरलेलं आहे. कोण कुठल्या खुर्चीत बसलंय, कॅमेरा कुणाच्या खांद्यावरून बघतोय, हेही ठरलेलं. त्या सगळ्यावर कॅरेलने एक पाऊल जास्त टाकलं. ऑस्करने तो गोंधळ अंगावर घेऊन सीन तुटू दिला नाही, कारण आपलं पात्र या क्षणी काय करेल हे त्याला कागदावरून पाठ होतं. ‘सुचेल ते बोला’ आणि हे, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अजून खात्री हवी असेल तर लेखकांचा संप आठवा. ५ नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेतले टीव्ही-सिनेमाचे लेखक संपावर गेले आणि ‘द ऑफिस’चं काम बंद पडलं. नोव्हेंबरच्या मध्यावर दाखवलेल्या भागानंतर पुढचा नवा भाग थेट १० एप्रिल २००८ ला आला, आणि त्या सीझनचे भागही कमी झाले. कलाकार सुचेल ते बोलत होते, तर लेखक घरी गेल्यावर कॅमेरे का थांबले? एप्रिलमध्ये आलेला तो भाग म्हणजे ‘डिनर पार्टी’. त्याची स्क्रिप्ट जीन स्टुपनिट्स्की आणि ली आयझेनबर्ग यांची, आणि तिचं टेबल रीडिंग, म्हणजे कलाकारांनी एकत्र बसून केलेलं वाचन, संप सुरू व्हायच्या आधीच झालं होतं. मायकल पाहुण्यांना आपला दोनशे डॉलरचा प्लाझ्मा टीव्ही दाखवतो तो सीन त्यातलाच. पाटीएवढा टीव्ही. तो म्हणतो जागा हवी असेल तर हा भिंतीत ढकलता येतो, आणि दोन बोटांनी दोन-तीन इंच ढकलून दाखवतो. तो इवलासा टीव्ही आधी कुणीतरी कागदावर लिहिला, मग प्रॉपवाल्याने आणला, भिंतीवर मागेपुढे होईल असा बसवला. बोलता बोलता तो तिथे उगवला नाही.

त्यांची पद्धत काय होती, तेही सांगतो. लेखकांच्या खोलीत गोष्ट आधी फोडली जायची. मग स्क्रिप्ट, मग सगळ्या कलाकारांसमोर टेबल रीडिंग, मग पुन्हा दुरुस्ती. सेटवर आधी लिहिल्याप्रमाणे टेक घ्यायचे. तो हातात आला की मग एखादा टेक मोकळा. टॉकिंग हेड, म्हणजे पात्र एकटं बसून कॅमेऱ्याशी बोलतं तो तुकडा, त्यासाठी लेखक एकाच विनोदाच्या बऱ्याच पर्यायी ओळी लिहून द्यायचे आणि कलाकार त्या एकामागून एक म्हणायचा. प्रेक्षकाला वाटतं उत्स्फूर्त आहे. प्रत्यक्षात ती जादा लिहिलेली असते. शिवाय रायन झालेला बी. जे. नोव्हाक, केली झालेली मिंडी केलिंग, टोबी झालेला पॉल लिबरस्टीन, हे तिघेही मालिकेचे लेखक होते. सेटवर वेळेवर ओळ सुचवणारा माणूस बऱ्याचदा ती गोष्ट लिहिणाराच असायचा.

आता शिरोलीच्या हिशोबाकडे या. दोन मोबाईल, आठ मिनिटांचा भाग, चार सीन, आणि संवाद ठरलेले नाहीत. न ठरवता बोलायला लागलं की एक टेक दहा मिनिटांच्या आत संपत नाही, कारण सीन कुठे संपवायचा हे कुणालाच माहीत नसतं. पाच टेक घेतले तर एका सीनचं दोन कॅमेऱ्यांवर शंभर मिनिटांचं फुटेज. चार सीनचं चारशे. म्हणजे नुसतं एकदा बघायलाच सहा तास चाळीस मिनिटं, आणि त्यातून आठ मिनिटं काढायची. ती निघतही नाहीत. पहिल्या टेकमध्ये मॅनेजर चहाचा कप उचलून बोलला, तिसऱ्यात खाली ठेवून. पहिल्यात पगाराचा विषय आधी निघाला, चौथ्यात फौंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, रिजेक्ट झाल्याचा. जोडायला गेलं की कप उडी मारतो आणि वाक्य मागचं पुढचं लागत नाही. सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोललेले असतात, त्यामुळे एकाचं वाक्य कापून घ्यायला आवाजही स्वच्छ मिळत नाही.

तेव्हा वही परत उघडा. सीनमागे दीड-दोन पानं पुरतात. प्रत्येक सीनला वर एकच ओळ: कुणाला काय हवंय आणि कोण देत नाही. त्याखाली सीन ज्यावर संपणार ते वाक्य. तीन टेक लिहिल्याप्रमाणे, कप कुठल्या शब्दाला उचलायचा तेही ठरवून, आणि चौथा टेक मोकळा. मोकळ्या टेकमध्ये सुरुवात आणि शेवट बदलायचा नाही, मधलं काय ते करा. मग तो तुकडा एडिटमध्ये बसतो. आणि कॅमेरा हलता हवा म्हणून वाटेल तसा हलवू नका. ‘द ऑफिस’मधला जिम बघतो तसं जिमने कॅमेऱ्याकडे बघायचं असेल तर जिमला कॅमेरा कुठे आहे ते माहीत लागतं, आणि कॅमेरावाल्याला जिम कुठल्या वाक्यानंतर बघणार ते.

ज्या गावात मूकपट काढणारे बाबूराव पेंटर सेटची, वेशभूषेची चित्रं आधी काढायचे आणि मग कॅमेरा लावायचे, त्या गावात ‘आधी काही ठरवू नका’ असा सल्ला फिरावा याचा खरोखर राग येतो.

छुप्या कॅमेऱ्यांची ओळ त्यामानाने पोकळ आहे. पात्रं भागाभागातून कॅमेऱ्यात बघतात, कॅमेऱ्याशी बोलतात, कॅमेरा मागे लागला म्हणून दार लावून घेतात. याला छुपा म्हणायचं कसं? पहिला भाग खऱ्या ऑफिसच्या जागेत झाला, पण पुढे लॉस एंजेलिसमध्ये सेट उभारला आणि मालिकेची बहुतेक वर्षं पॅनोरमा सिटीतल्या स्टुडिओत गेली. मालिकेतलं ऑफिस ज्या गावात आहे ते स्क्रॅन्टन फक्त गोष्टीत. शीर्षकगीतात दिसणारं स्क्रॅन्टन मात्र खरं आहे, जिम झालेला जॉन क्रासिन्स्की स्वतः तिकडे जाऊन जे टिपून आला त्यातलं. ‘खऱ्या ऑफिसात’ यात थोडं तथ्य शोधायचंच तर फिलिस झालेली फिलिस स्मिथ. ती कास्टिंगच्या, म्हणजे कलाकार निवडणाऱ्यांच्या ऑफिसात कामाला होती, ऑडिशनला आलेल्यांसमोर ओळी वाचायची, आणि तिचं ते वाचन बघूनच तिला घेतलं. आणि सुरुवातीला दिग्दर्शक केन क्वॅपिस सकाळी अर्धा तास सगळ्यांना नुसतं टेबलावर काम करायला लावायचा, फोन, फाइल, झेरॉक्स, आणि कॅमेरा ते टिपत राहायचा. शिरोलीच्या पोरांनी उचलायचं तर हे उचला. एडिटमध्ये दोन सीनमधली फट बुजवायला याच्यासारखं फुटेज नाही.

खर्च शून्य? पाचव्या सीझनच्या पहिल्या भागात, ‘वेट लॉस’मध्ये, जिम पामला पेट्रोल पंपावर भर पावसात लग्नाचं विचारतो. तो पंप खोटा आहे. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये पंप उभारला, भोवती रस्ता केला, त्यावरून गाड्या गोल गोल फिरवल्या म्हणजे मागे हायवे वाहतोय असं वाटावं, आणि पाऊस यंत्राने पाडला. सुमारे अडीच लाख डॉलर लागले, पडद्यावर ५२ सेकंद. आणि आवाज? दोघं बोलतात ते आपल्याला रस्त्यापलीकडून, गाड्यांच्या घरघरीतून ऐकू येतं. चोरून बघितल्यासारखं वाटावं म्हणून एवढा खटाटोप केलेला आहे.

नक्कल म्हणाल तर पहिला भाग जवळपास ब्रिटिश स्क्रिप्टवरच आहे, सहकाऱ्याचा स्टेपलर जेलीत घालून ठेवायच्या खोडीसकट. ते नाकारायचं कारण नाही. पण रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ मालिका बारा भागांची, वर नाताळचा विशेष. अमेरिकेतले भाग २०१, मार्च २००५ ते मे २०१३. दुसराच भाग, ‘डायव्हर्सिटी डे’, नोव्हाकने नव्याने लिहिलेला. बारा भागांची नक्कल दोनशे भाग पुरत नाही.

कॅरेलबद्दलची ओळ मात्र नुसती चुकीची नाही, वाईट आहे. त्याचा करार सातव्या सीझनला संपत होता आणि त्याने तेव्हा घरच्यांना वेळ द्यायचं कारण सांगितलं. पुढे २०२० मध्ये अँडी ग्रीनचं मालिकेवरचं पुस्तक आलं. त्यात कास्टिंग करणारी ॲलिसन जोन्स आणि केशभूषाकार किम फेरी यांनी सांगितलंय की तो थांबायला तयार होता, चॅनेलनेच पुढचा करार समोर ठेवला नाही. हावेचं नाव कुठेही नाही. आणि २०१३ च्या शेवटच्या भागात तो दोन वाक्यांसाठी परत आला होता.

राहिला पॉडकास्ट. ‘ऑफिस लेडीज’ १६ ऑक्टोबर २०१९ ला सुरू झाला. पाम झालेली जेना फिशर आणि अँजेला झालेली अँजेला किन्झी, दोघी मैत्रिणी. ऐकल्यावर गप्पाच वाटतात, हे खरं. पण भाग कान देऊन ऐका: ‘अमुक मिनिट अमुक सेकंदाला मागे बघा’ असं त्या सतत सांगतात. म्हणजे मालिकेचा भाग थांबवत थांबवत, वेळ टिपत बघितलेला असतो. जेना त्या भागाची माहिती गोळा करून आणते, अँजेला मागच्या टेबलांवर काय चाललंय ते शोधते, चाहत्यांचे प्रश्न निवडलेले असतात, उत्तर माहीत नसेल तर लेखकाला, एडिटरला, प्रॉपवाल्याला विचारून आणलेलं असतं. स्क्रिप्ट होती की नव्हती याचं उत्तरही तिथेच मिळतं, कारण शूटिंगच्या स्क्रिप्टमध्ये काय होतं आणि पडद्यावर काय आलं हे त्या भागाभागात वाचून दाखवतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एक भाग जरी ऐकला असता तरी पहिली ओळ लिहिली नसती.

आणि मोबाईल मध्ये ठेवून पॉडकास्ट होत नाही. टेबलावरचा मोबाईल तोंडापासून दोन-अडीच फूट लांब असतो, त्यामुळे आवाजाइतकीच खोलीही रेकॉर्ड होते: पंखा, फरशीवरून परत येणारा घुमारा, खालच्या रस्त्यावरची बुलेट. एक जण हळू बोलणारा असेल तर त्याचा आवाज वाढवताना हे सगळं वाढतं, आणि नंतर ते वेगळं काढता येत नाही. माणसी एक माइक, साधा डायनॅमिक, म्हणजे स्टेजवर गायक हातात धरतात तसा, चालतो, तोंडापासून एक मूठभर अंतरावर, जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ला फटका बसत नाही. दोघांचे ट्रॅक वेगळे. कानाला हेडफोन लावूनच रेकॉर्ड करायचं, नाहीतर माइकची वायर सैल होती हे घरी गेल्यावर कळतं. मोकळ्या हॉलपेक्षा गाद्या-कपाटांची छोटी खोली बरी, समोरच्या भिंतीवर वाकळ टांगली तरी फरक पडतो. पंखा बंद. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा, कापलेल्या जागा भरायला तीच लागते.