आमचं डायनिंग टेबल न्यूयॉर्कमध्ये आहे

आमच्या घरी एक डायनिंग टेबल आहे. एलिझाबेथ नावाच्या शहरातून आणलेलं, कारण तिथल्या बऱ्याच दुकानांत सेल्स टॅक्स निम्माच लागतो आणि माझा नवरा तेवढ्यासाठी पाऊण तास गाडी हाणतो. एक पाय किंचित लंगडा म्हणून त्याखाली पिझ्झावाल्याच्या मेनूकार्डाची घडी, आणि मधोमध हळदीचा एक डाग, तो लिंबू सोडा व्हिनेगर सगळं करून झालं तरी जात नाही. तर हे टेबल घेतलं न्यू जर्सीत, ते उभं आहे न्यू जर्सीत, ज्या घरात उभं आहे त्याचा प्रॉपर्टी टॅक्स जातो न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपला (किती जातो ते विचारू नका, सरासरी काढली तर सगळ्या अमेरिकेत सगळ्यात जास्त आमच्याच राज्यात, तेवढा एक मान आम्ही कुणाला घेऊ देत नाही). पण मंगळवारी सकाळी मी त्यावर लॅपटॉप उघडला रे उघडला की इन्कम टॅक्सच्या हिशेबानं ते टेबल, त्याचा लंगडा पाय, हळदीचा डाग आणि मी, सगळे न्यूयॉर्क राज्यात पोचतो. हडसन नदी ओलांडून. विनातिकीट.

नीट सांगते. आम्ही राहतो वेस्ट विंडसरला, म्हणजे स्टेशन प्रिन्स्टन जंक्शन. माझं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. कोविडनंतर आठवड्यातून दोन दिवस जायचं, बाकीचे दिवस घरून. त्या दोन दिवसांत सकाळची गाडी पकडायची, तासाभराहून जास्त बसायचं (बसायला मिळालं तर), मग हडसनखालचा तो १९१० सालचा बोगदा येतो, त्यात कुठंतरी मधे न्यू जर्सी संपतं आणि न्यूयॉर्क लागतं, नेमकं कुठं ते कळत नाही कारण तेव्हा बाहेर अंधार आणि फोनला रेंज नसते. त्या अंधारात माझा पगार हद्द ओलांडतो.

नवरा मात्र उलट्या दिशेला जातो. डेलावेर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत. पंचवीस मिनिटं, कारमध्ये गाणी लावून. आणि न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात १९७७ सालापासून करार आहे की बाबांनो, तुमचे लोक आमच्याकडे कामाला आले तर पगारावरचा टॅक्स तुम्हीच घ्या, आमचे तुमच्याकडे आले तर आम्ही घेऊ, भांडण नको. नोकरी लागली तेव्हा नवऱ्यानं एक फॉर्म भरून दिला आणि विषय संपला. न्यूयॉर्कनं न्यू जर्सीशी असला काही करार केलेला नाही. का करेल? इकडून रोज गाड्या भरभरून लोक तिकडे जातात, तिकडून इकडे येतात ते मुख्यतः मॉलमध्ये, कारण आमच्याकडे कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही.

त्यामुळे एकाच दारातून सकाळी दोघं निघतो, तो पश्चिमेला आणि मी पूर्वेला, आणि एप्रिल महिन्यात तो सोफ्यावर बसून मॅच बघतो आणि मी टेबलावर बसून रडते. न्यूयॉर्कातल्या टेबलावर.

पहिल्या वर्षी माझा डब्ल्यू-२ आला तेव्हा बाबा इथं होते. डब्ल्यू-२ म्हणजे आपला फॉर्म १६ समजा. त्यात खाली राज्यांच्या दोन ओळी होत्या, एक न्यूयॉर्क आणि एक न्यू जर्सी, आणि दोन्हीसमोर जवळजवळ माझा अख्खा पगार. न्यू जर्सीचा आकडा तर थोडा जास्तच, कारण मेडिकल इन्शुरन्सचा जो हप्ता टॅक्सच्या आधी कापला जातो तो न्यू जर्सीला मंजूर नाही, ते त्याच्यावरही टॅक्स लावतात. बाबांनी चष्मा वर करून कागद दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "अगं, तुला दोन पगार आहेत? मग हे पडदे का बदलत नाहीस?"

मी समजावलं की पगार एकच, पण कमावला तिथं म्हणून न्यूयॉर्क टॅक्स लावणार, राहते इथं म्हणून न्यू जर्सीही लावणार, मग तिकडे भरलेला टॅक्स इकडे क्रेडिट म्हणून वळता करून घ्यायचा. बाबा एकतीस वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला गेले, लटकत. ते म्हणाले, "आम्हाला केंद्राचा एक इन्कम टॅक्स आणि राज्याचा तो व्यवसाय कर, वर्षाचे फार तर अडीच हजार. ठाणे जिल्ह्यानं कधी मुंबईकडे माझ्या नावानं काही मागितलं नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे हा मुलुंडचा जकात नाकाच की गं. ट्रकच्या जागी तू."

इतकं अचूक मला नंतर कुठल्याही सीएनं समजावलं नाही. आणि मुलुंडचा नाकासुद्धा २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला हो.

आता माझी चूक सांगते, ती माझीच होती, कुणाला दोष नाही. टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये फेडरल, म्हणजे केंद्राचं रिटर्न झालं की राज्यं विचारतात. मी आपली घरची माणसं आधी या न्यायानं न्यू जर्सी आधी भरलं. न्यूयॉर्कचा टॅक्स किती असं त्यात विचारलं तर मी शून्य लिहिलं, कारण तो अजून काढलाच नव्हता ना! क्रेडिट अर्थातच शून्य. न्यू जर्सीचे एवढे मोठे पैसे निघाले की मी दोन दिवस जेवले नाही नीट. भरून टाकले. मग न्यूयॉर्कचं रिटर्न केलं, ते पण भरलं, आणि दोन आठवड्यांनी ऑफिसातल्या एका गुजराती मैत्रिणीनं लंच करता करता सांगितलं की अगं आधी परक्याचं करायचं, मग घरचं. मग सुधारित रिटर्न, मग रिफंडची वाट बघणं, तो शेवटी आला तोपर्यंत पडदे बदलायचा मूड गेला होता.

आणि क्रेडिट पूर्ण मिळतं असंही नाही बरं का. न्यू जर्सी म्हणतं, याच कमाईवर आमचा टॅक्स जितका झाला असता तितक्यापर्यंतच वजावट. न्यूयॉर्कचा टॅक्स आमच्यासारख्यांना जास्त बसतो, त्यामुळे वरचा जो फरक तो कृष्णार्पण.

तरी मी म्हटलं ठीक आहे, न्यूयॉर्कला जाते त्या दिवसांचं न्यूयॉर्क घेऊ दे. पण घरून काम केलेल्या दिवसांचं कसलं? ते तर इथलेच ना? म्हणून २०२२ साली मी कालनिर्णयवर हिशेब ठेवायला लागले. आई दुधाचे खाडे मांडायची तसे. ऑफिसला गेले तर लाल पेनानं "न", घरी असले तर "घ". एकादशीच्या चौकोनात "घ", संकष्टीच्या चौकोनात "न", अमावास्येला डोकं दुखत होतं म्हणून सिक लीव्ह. वर्षाअखेर टेबलावर बसून बेरीज केली. ३६५ दिवस. त्यातून शनिवार रविवार १०५ गेले, सुट्ट्या १०, भारतात गेले होते ते १८, आजारपणाचे ४. उरले कामाचे २२८. त्यात "न" ९६, "घ" १२८, आणि ४ दिवस शिकागोला एका क्लायंटकडे गेले होते ते.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. निम्म्याहून जास्त पगार वाचला! न्यूयॉर्कचा बिगर-रहिवाशांचा फॉर्म उघडला तर त्यात अगदी हेच विचारलेलं, एकूण दिवस किती, शनिवार रविवार किती, सुट्ट्या किती, जणू माझं कालनिर्णय बघूनच छापलाय. पुढची ओळ, न्यूयॉर्कबाहेर काम केलेले दिवस किती? मी ऐटीत लिहिलं १३२. पुढची ओळ, त्यातले घरून काम केलेले किती? लिहिलं १२८. पुढची ओळ, पहिल्यातून दुसरे वजा करा.

४.

म्हणजे ताटात वाढायचं, नैवेद्य दाखवून घ्यायचा आणि ताट उचलून न्यायचं. वर्षभर मी भिंतीवर अक्षरं गिरवली, हाती आलं शिकागो. (शिकागोवाले बिचारे बरे, त्यांच्या राज्यात बाहेरच्यानं ३० दिवसांपर्यंत काम केलं तर ते काही मागत नाहीत.)

ह्याला म्हणतात सोयीचा नियम. कंपनी न्यूयॉर्कची आणि तुम्ही तुमच्या सोयीनं घरी बसलात तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. कंपनीची गरज म्हणून घरी असाल तरच सुटका. आता गरज कशी ठरवतात याचा २००६ चा एक सरकारी मेमो आहे, तो मी रात्री साडेअकराला वाचला. त्यात उदाहरण असं की समजा तुमचं काम नव्या गाड्यांची चाचणी घेण्याचं, त्याला टेस्ट ट्रॅक लागतो, तो शहरातल्या ऑफिसात नाही पण तुमच्या घराजवळ आहे, तर चालेल. आमच्या घराजवळ एक पटेल ब्रदर्स आहे, म्हणजे आपलं भारतीय वाणसामानाचं दुकान. नाहीतर मग बाकीच्या खुणा बघतात, घरच्या ऑफिसला कंपनीची वेगळी फोन लाइन आहे का, व्हिजिटिंग कार्डावर घरचा पत्ता आहे का, वगैरे. मी मॅनेजरला विचारलं की माझ्या कार्डावर घरचा पत्ता छापाल का. तो म्हणाला आपल्याकडे कार्डंच नाहीत आता.

एकदा वाटलं कोर्टात जावं. मग वाचलं की एडवर्ड झेलिन्स्की म्हणून कायद्याचे एक प्राध्यापक, राहायचे कनेक्टिकटात न्यू हेवनला, शिकवायचे मॅनहॅटनमध्ये, बाकीचे दिवस घरी बसून लिहायचे, ते याच नियमाविरुद्ध लढले आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टात हरले, पुढं सुप्रीम कोर्टानं केस ऐकायलाच घेतली नाही. आणि ते शिकवायचे काय, तर टॅक्सचाच कायदा! तिथं मी पामर, हळदीचा डाग घेऊन उभी राहणार?

सगळ्यात मोठा तमाशा सहीच्या दिवशी होतो. आम्ही फेडरल रिटर्न जोडीनं भरतो, म्हणून न्यूयॉर्कचंही जोडीनंच. आणि न्यूयॉर्क काय करतं, आधी दोघांची सगळी कमाई जणू न्यूयॉर्कातच झाली असं धरून टॅक्स काढतं आणि मग त्यातला न्यूयॉर्कचा हिस्सा घेतं. म्हणजे नवऱ्याच्या पगारावर ते थेट टॅक्स लावत नाहीत, फक्त त्याच्याकडे बघून माझा दर वाढवतात. लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार विचारतात तसं.

"मी का सही करू?" नवरा दरवर्षी विचारतो. "मी न्यूयॉर्कमध्ये आयुष्यात एक डॉलर कमावला नाही. उलट एकदा पार्किंगचे पासष्ट घालवलेत." आणि मग कुरकुरत सही करतो आणि जाता जाता १९७७ च्या कराराबद्दल काहीतरी बोलतो.

गणपतीत आरती झाल्यावर पुरुषमंडळी प्रसादाच्या वाट्या घेऊन टॅक्सवरच बोलतात. एक नवीन मुलगा न्यूयॉर्क शहरातून नदीअलीकडे जर्सी सिटीला राहायला गेला, मोठ्या खुशीत, म्हणे न्यूयॉर्कचा टॅक्स वाचला. त्याला कुणीतरी सांगावं लागलं की राजा, वाचला तो शहराचा. शहराच्या हद्दीबाहेरून येणाऱ्यांवर पूर्वी न्यूयॉर्क शहरही थोडा टॅक्स लावायचं, तो १९९९ मध्ये गेला. राज्याचा आहे तिथंच आहे. त्याच्या हातातली शिऱ्याची वाटी हळूहळू खाली आली, बघवलं नाही. तेवढ्यात ह्यूस्टनहून आलेले एक काका म्हणाले, "आमच्याकडे स्टेट इन्कम टॅक्सच नाही." टेक्सासवाल्यांना प्रसाद शेवटी द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तर हे सगळं असंच चालू होतं आणि गेल्या महिन्यात नवरा संध्याकाळी घरी आला, गाणी न लावता. त्याच्या कंपनीनं बक्स काउंटीतलं ऑफिस आवरायला काढलंय. आता आठवड्यातून तीन दिवस फिलाडेल्फिया. शहरात. आणि फिलाडेल्फिया शहराचा स्वतःचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर आहे, बाहेरून येणाऱ्यांनाही साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि तो १९७७ चा करार राज्याराज्यांतला, शहराला तो लागू नाही. न्यू जर्सीत त्याचं क्रेडिट मिळतं, पण मिळवावं लागतं. आधी परक्याचं करून मग घरचं. हे मी त्याला सांगितलं नाही. शोधू दे.

काल रात्री मी पोळ्या करत होते, बघते तर हा कालनिर्णयसमोर उभा. बराच वेळ. घरून काम केलेले दिवस शहराला द्यावे लागतात की नाही यावर त्यानं दुपारभर वाचन केलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

"अगं," तो म्हणाला, "फिलाडेल्फियासाठी फ लिहू ना? आणि ते लाल पेन कुठंय?"

"टेबलावर बघ," मी म्हटलं. "न्यूयॉर्कमध्ये."