मटकीला मोड येईपर्यंत

मी मेकॅनिकल इंजिनियर 'आहे', असं आमच्या घरात अजून वर्तमानकाळात सांगितलं जातं. नोकरी सोडून आठ महिने झाले तरी. "मास्टर्सची तयारी चाललीय," असं आई सोसायटीत सांगते. कशातलं मास्टर्स, असं कुणी विचारलं की तिला गॅसवरचं दूध आठवतं.

पुणे-कलकत्त्याच्या फिल्म स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला सामान्यज्ञान लागतं हे कळलं तेव्हा मात्र बाबांच्या जीवात जीव आला. म्हणजे या धंद्यातही पाठ करण्यासारखं काही आहे तर! बँकेतून निवृत्त झालेला माणूस. रोज सकाळी चहा घेत, माझी वही समोर धरून ते पाढ्यांसारखी उजळणी घेऊ लागले.

"राजा हरिश्चंद्र?"

"३ मे १९१३, कॉरोनेशन थिएटर, गिरगाव."

"प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला?"

"१९३३."

"त्याच जागेत सरकारी फिल्म संस्था?"

"१९६०."

"पुढची नोकरी?"

इथे मी चहाचा कप धुवायला उठायचो.

तोवर माझ्या नावावर एकच फिल्म होती. एकटेपणावर. माझा एक मित्र पांढरा कुर्ता घालून रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसतो आणि नदीकडे बघतो, एवढंच कथानक. "कुठे बघू?" असं त्याने विचारलं, तर मी म्हणालो, "अनंतात." त्याने लगेच तोंड पाडलं. नाशिककर असून रामकुंडावर पांढऱ्या कपड्यांत तोंड पाडून बसलं की काय होतं हे आम्हाला सुचू नये? तिसऱ्या टेकला एक गुरुजी शेजारी येऊन बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वडील का? असू दे. गोत्र सांगा." मित्र घाबरून "कश्यप" म्हणाला. त्याचे वडील तेव्हा सातपूरला ड्यूटीवर होते. फिल्मभर जो अभिनय मला हवा होता तो त्या एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावर आला, आणि मी "कट" म्हणून ओरडत होतो. तो तुकडा मी टाकून दिला. अनंतात बघण्याची अकरा मिनिटं ठेवली. ती बघताना बाबांनी दोनदा विचारलं, "हँग झालंय का रे?"

अर्जासोबत नवीन फिल्म द्यायची होती, तीन मिनिटांची. तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले. इकडचेच, त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, पण भांडवल नाही. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं वाढणं थोडं थोडं टिपत राहिले आणि 'अंकुराची वाढ' पडद्यावर दाखवून सावकाराला पटवलं. सरस्वतीबाईंनी तर अंगावरचे दागिने काढून दिले. हे मी रात्री जेवताना भारावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून कपाटाची किल्ली खुंटीवर दिसेना.

"दिवसाला एक फ्रेम म्हणतोस?" बाबांनी पेपराच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. "सेकंदाला २४ लागतात ना? महिनाभराचं झालं सव्वा सेकंद. तीन मिनिटांना बारा वर्षं. अर्जाची मुदत कधी आहे?"

म्हणून वाटाण्याऐवजी मटकी. ती दीड दिवसात मोड काढते. शुक्रवारी रात्री नऊला आजीच्या खोलीत सेट लागला. ताटात ओला पंचा, त्यावर भिजवलेली मटकी, बाजूला टेबललॅम्प. दोन स्टीलच्या डब्यांवर फळी, फळीच्या टोकाला मोबाईल, भिंग खाली. दर पाच मिनिटांनी एक फ्रेम. खिडकीला चादर, कारण ऊन आत आलं की चित्र लुकलुकतं.

"असे उघड्यावर मोड येत नसतात," आजी पलंगावरून म्हणाली. "फडक्यात घट्ट बांधून अंधारात ठेवायची. तोंडासमोर दिवा धरून बसलं तर कुणाला येतील मोड?"

मी तिला 'मिझाँसेन', म्हणजे चौकटीत काय कुठे आणि कशा उजेडात मांडायचं, ते समजावून सांगितलं. तिने जपमाळ काढली.

शनिवार बरा गेला. रविवारी सकाळी जाग आली ती फोडणीच्या वासाने. मामा सहकुटुंब आला होता, मला चार शब्द सांगायला. चार शब्दांसाठी सहा माणसं, आणि सहा माणसांना मिसळ. उसळ कमी पडली. मी आजीच्या खोलीत धावलो. ताटात नुसता पंचा होता, आणि मोबाईल गादीवर पालथा. "तापला होता, बंद केला," आई म्हणाली. बाहेर मामा तर्री ओढून घेत होता. "ताई, मटकी काय सुरेख मोडाची आहे गं!" माझी नायिका त्याच्या चमच्यात होती. मी पावाला हात लावला नाही. (दुपारी लावला. मिसळ चांगलीच झाली होती.)

४२० फ्रेम मिळाल्या होत्या. साडेसतरा सेकंद. लावून बघितलं तर मटकी फुगते, साल तडकतं, पांढरी शेपटी बाहेर येते... आणि मध्येच एक सुरकुतलेला हात! कोंबडीने दाणे टिपावेत तसा तो ताटभर नाचतो आणि गायब होतो. पाऊण सेकंद. म्हणजे अठरा फ्रेम, म्हणजे शनिवारी रात्री दीड तास. झोप येत नाही म्हणून आजी उठून बसली होती, दिव्याखाली न भिजलेले गणंग वेचत, मधूनच पाणी शिंपडत. म्हणून तर उघड्यावर मोड आले. मी दार लावून झोपलो होतो. शेवटच्या दोन फ्रेममध्ये आईचा हात आणि रिकामा पंचा.

पहिल्यांदा मी चिडलो. तो हात कापून टाकायला बसलो, रामकुंडावरच्या गुरुजींना कापलं तसाच. कापण्यासाठी तो पाऊण सेकंद सावकाश करून, एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. एका फ्रेममध्ये अंगठा आणि तर्जनीत एक गणंग आहे आणि बाकीची तीन बोटं हवेत थांबलीत. मग परत बघितला. रात्री एकपर्यंत बघत होतो. कापायचं राहून गेलं.

सकाळी लॅपटॉप आजीसमोर धरला. तिने चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"हा माझा हात?"

"हो. फिल्म आता याच्यावरच आहे."

"मटकीवर होती ना?"

"होती."

तिने परत लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी बोट ठेवून थांबवलं. "शी! नुसत्या काचेच्या बांगड्या. आणि हे लोक कुठे, कलकत्त्याला बघणार?"

"कलकत्त्याला, पुण्याला... जिथे अर्ज करेन तिथे."

"मग पाटल्या नकोत का हातात? परत काढ." तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, किल्ली आण कपाटाची. आणि पावशेर मटकी भिजत घाल."

आईने आधी मटकी भिजत घातली. मग किल्ली कुठून काढली, ते मला काही बघू दिलं नाही.