जॉबला पत्ता विचारू नये

मेनफ्रेमवर, म्हणजे ग्राहकाचा सगळा कारभार हाकणाऱ्या अवाढव्य कॉम्प्युटरवर, टेस्टच्या (चाचणीच्या) एका जॉबने, म्हणजे तिथे सोडलेल्या कामाने, खऱ्याखुऱ्या विमाधारकांना ‘आपली पॉलिसी संपुष्टात आली आहे’ अशी पत्रं धाडली, तेव्हापासून आमच्या मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात एकच भुंगा. आपण टेस्टमध्ये चालतोय की प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या कारभारात), हे प्रोग्रामचं प्रोग्रामलाच कळलं पाहिजे. ‘‘सिंपल है,’’ साहेब म्हणाले. इंदूरमध्ये ‘सिंपल है’ म्हणणारा माणूस पुढे स्वतः काही करत नाही. काम माझ्या गळ्यात आलं.

तसा सरळ रस्ता होता. जेसीएलमध्ये, म्हणजे जॉबने काय काय चालवायचं त्या हुकूमपत्रात, पार्म लिहायचा, म्हणजे प्रोग्रामच्या हाती द्यायची चिठ्ठी. त्यात १०० अक्षरांची मुभा असते, आपल्याला ‘टेस्ट’ची चार पुरेत. पण साहेबांचा माणसावर भरवसा नाही, आणि इथे मी साहेबांच्या बाजूची आहे. जेसीएल कोणी लिहीत नाही. ते कॉपी होतं. मूळ कोणी लिहिलं हे आता देवालाच ठाऊक.

लँग्वेज एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांतल्या प्रोग्रामांच्या सामायिक सामानात, सीईई-थ्री-आयएनएफ नावाची एक सेवा आहे, ती प्रोग्राम कुठे चालतोय ते सांगते असं वाचलं. तिला हाक मारली. तिने सांगितलं, तुम्ही बॅचमध्ये (रांगेत लावून चालवलेल्या जॉबांत) आहात. सीआयसीएसमध्ये (पडद्यावरच्या व्यवहारांत) नाही, टीएसओमध्येही (प्रोग्रामरच्या पडद्यावर) नाही. हो गं बाई, तेवढं मला ठाऊक होतं.

मग काका धावून आले. काका इंदूरच्या रामबागेतले, निवृत्तीला टेकलेले, कोबोल ही भाषा पोटासाठी आणि असेंब्लर ही मशीनच्या जवळची भाषा जिवासाठी करणारे. ‘‘अगं, असं दारोदार काय विचारत हिंडतेस? शून्यावर जा!’’

शून्य म्हणजे मेमरीचा पत्ता शून्य. तिथे पीएसए नावाचा कंट्रोल ब्लॉक, म्हणजे सिस्टिमची स्वतःच्या नोंदींची वही, बसलेला असतो. त्यात १६ बाइट पुढे गेलं की सीव्हीटीचा (अख्ख्या सिस्टिमच्या वहीचा) पत्ता, ५४० पुढे गेलं की चालू टीसीबीचा (सध्या चाललेल्या कामाच्या वहीचा). टीसीबीत १२ पुढे टीआयओटीचा (कामाला जोडलेल्या फाइलींच्या यादीचा) पत्ता, आणि टीआयओटीची पहिली ८ अक्षरं म्हणजे जॉबचं नाव, पुढची ८ स्टेपचं (जॉबमधल्या टप्प्याचं). तिकडे सीव्हीटीत ३४० पुढे गेलं की सिस्टिमचं नाव. काकांनी हे सगळं कागद न बघता, माझ्या डब्यातली मेथीची भाजी खाता खाता सांगितलं. मी कोबोलच्या लिंकेज सेक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामबाहेरच्या मेमरीचा नकाशा मांडतात तिथे, रचना मांडली आणि तिचा पत्ता नलवर, म्हणजे शून्यावर, सेट केला. इतर भाषांतली पोरं नल पॉइंटर दिसला की हातपाय गाळतात, इथे मशीनने हूं की चूं केलं नाही. वाचायला मोकळीक आहे. लिहायला हात लावलात की एस-झिरो-सी-फोर, म्हणजे जॉब जागीच ठार.

डिस्प्लेमध्ये जॉबचं नाव उमटलं. काका धन्य झाले, डबाही संपला.

आमच्याकडे प्रॉडक्शनच्या जॉबचं नाव पी-ने सुरू होतं, टेस्टचं टी-ने. वा! पण रात्री दोनला जॉब पडतो, सपोर्टवाला डोळे चोळत तो स्वतःच्या आयडीवरून पुन्हा सोडतो, आणि जॉबचं नाव होतं त्याचा आयडी अधिक एक शेपटाचं अक्षर. ना पी, ना टी. म्हणजे सगळ्यात तातडीच्या वेळीच आमचा शहाणा प्रोग्राम ‘मी बहुधा टेस्टमध्ये आहे’ म्हणून हातावर हात ठेवून बसणार.

सिस्टिमचं नाव घ्यावं, तर सिसप्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनांच्या कुटुंबात, जॉब आज या मशीनवर चालतो, उद्या त्या. शिवाय आमच्या या ग्राहकाने काटकसर म्हणून टेस्ट आणि प्रॉडक्शन एकाच सिस्टिमवर नांदवले आहेत. आपल्या इंदूरच्या सराफ्यात दुकानाची पाटी रात्रंदिवस ‘ज्वेलर्स’च म्हणते. दिवसा त्या पाटीखाली सोनं असतं, रात्री तिच्याचखाली गराडूचे कंद तळले जातात. पाटी वाचून आत शिरणाऱ्याला बांगडी मिळेल की चटणी, ते घड्याळावर.

मग डेटासेटचं, म्हणजे फाइलीचं, नाव बघू म्हटलं. टीआयओटीतल्या नोंदीवरून जेएफसीबीपर्यंत (त्या फाइलीच्या वहीपर्यंत) पोचता येतं, तिथे ४४ अक्षरांत ते पूर्ण लिहिलेलं असतं. पण टेस्टवाले खुशाल प्रॉडक्शनची फाइल वाचायला लावतात. परवानगी घेऊन, रीतसर ईमेल करून.

यानंतर साहेबांना स्वतःलाच एक कल्पना सुचली, आणि ती सगळ्यात सुंदर होती. डीबीटू या डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल, त्यात एकच ओळ: ‘प्रॉड’ किंवा ‘टेस्ट’. प्रोग्रामने उठल्या उठल्या ती वाचायची. मला आवडली, काकांनासुद्धा नाइलाजाने आवडली. महिना सरतो न सरतो तोच टेस्टिंगसाठी प्रॉडक्शनचा ताजा डेटा टेस्टमध्ये ओतला गेला. सगळी टेबलं आली, तेही आलं. त्या सकाळी टेस्टमधला प्रत्येक प्रोग्राम छाती काढून सांगत होता, मी प्रॉडक्शन! पत्रं जाण्याआधी कोणीतरी छपाईची रांग अडवली म्हणून निभावलं.

माझं मत आता पक्कं आहे. जॉब कोण, स्टेप कोणती, मशीन कुठलं, हे सगळं कंट्रोल ब्लॉक बिनचूक सांगतात, कारण ते मशीनच्या कामाचं आहे. टेस्ट आणि प्रॉडक्शन हा भेद मशीनला नाही. तो आपला सोवळ्याओवळ्याचा कारभार आहे, तेव्हा आपणच सांगायला हवा. म्हणून शेवटी पार्मच आला, पण त्याचं कार्ड, म्हणजे ती चिठ्ठी, प्रॉडक्शनच्या अशा लायब्ररीत ठेवलं जिथे आम्हा प्रोग्रामरांना लिहायचा अधिकारच नाही. कार्ड मिळालं नाही, तर प्रोग्रामने कयास बांधायचा नाही. रिटर्न कोड १६, म्हणजे ‘गंभीर चूक’ असा निरोप, देऊन थांबायचं. काका म्हणाले, ‘‘एवढंच करायचं होतं तर शून्यावर कशाला गेलो?’’ मी म्हटलं, भाजी कशी झाली होती ते सांगा.

साहेबांनी मात्र जॉबच्या नावाचा नाद सोडलेला नाही. पहिलं अक्षर लॉगमध्ये छापायचंच, ऑडिटला बरं दिसतं म्हणतात. ते छापून झालं त्याच आठवड्यात ग्राहकाने टेस्ट आणि प्रॉडक्शन यांच्या मधोमध तिसरं एन्व्हायर्नमेंट उघडलं. त्याचं नाव प्री-प्रॉड, आणि त्याचेही सगळे जॉब पी-ने सुरू होतात.