उघडं असणं आणि नागवलं जाणं

मागच्या शनिवारी रात्री आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. 22 सेकंदांचा. हिरवळ, मागे झाडं, आणि निळ्या पट्ट्यांच्या टॉवेलवर पालथी पडून पुस्तक वाचणारी साठीची एक बाई. अंगावर कपडा नाही. खाली ओळ होती, "म्युनिकचा नजारा, लहान मुलांना दाखवू नये," आणि त्यापुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. जागा मी बघताक्षणी ओळखली. पाठवणारे काकाही ओळखीचे. दोनच दिवस आधी ते माझ्या घरी जेवून गेले होते आणि 'इंग्लिशर गार्टन बघून या' हे त्यांना मीच सांगितलं होतं.

तेव्हापासून मन शांत नाही, म्हणून लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

मी नऊ वर्षं म्युनिकमध्ये राहते. इंग्लिशर गार्टन हा शहराच्या मधोमध पसरलेला, 1789 सालापासूनचा बाग. त्यात श्योनफेल्डवीझे नावाचं कुरण आहे, शेजारून श्वाबिंगर बाख हा ओढा वाहतो. उन्हाळ्यात या कुरणावर लोक कपडे काढून ऊन खातात. भिंत नाही, तिकीट नाही. बाजूच्या वाटेवरून सायकली जातात, बाबागाड्या जातात, पर्यटकांचे घोळके जातात. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला माणूस येतो, शर्ट-पँट नीट घडी करून ठेवतो, अर्धा तास पडतो आणि परत कपडे चढवून कामाला जातो. हे चोरून चाललेलं काही नाही. बव्हेरिया राज्याचा यासंबंधीचा जुना नियम 2013 मध्ये संपला, तेव्हा 2014 मध्ये म्युनिक महापालिकेने स्वतःचा नियम करून शहरातल्या सहा जागा यासाठी ठरवून दिल्या. ही त्यातलीच एक.

जर्मनीत याला एफकेके म्हणतात. फ्रायक्योर्परकुल्टुर, म्हणजे मोकळ्या देहाची संस्कृती. कारखान्यांच्या धुरात आणि कोंदट चाळींत राहणाऱ्या लोकांना ऊन-वारा मिळावा, या आरोग्याच्या ओढीतून ती वाढली. पहिली संस्था एसेन शहरात 1898 साली निघाली. 1933 मध्ये नाझींनी या चळवळीवर बंदी आणली. पुढे पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारनेही 1954 मध्ये बाल्टिकच्या किनाऱ्यावर बंदी घालून पाहिली, पण लोकांनी इतका आरडाओरडा केला की 1956 मध्ये ठरावीक जागी परवानगी द्यावी लागली. जिथे बोलायला, लिहायला, देशाबाहेर जायला मुभा नव्हती, तिथल्या लोकांनी एवढी एक गोष्ट सरकारकडून भांडून घेतली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

त्याच 1898 सालातली आणखी एक गोष्ट. जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर त्याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी प्रेताचा फोटो काढला. कुटुंबीय कोर्टात गेले. त्या प्रकरणाने एवढी खळबळ उडाली की पुढे 1907 च्या कायद्यात माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क लिहिला गेला: परवानगीशिवाय कुणाचं चित्र पसरवायचं नाही. तो कायदा आजही लागू आहे. कुरणावर निर्धास्त पडलेल्या बाईच्या पाठीशी हा हक्क आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव, कारण त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते कळणार नाही.

इथल्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या लाकडी खोलीत, बायका-पुरुष एकत्र बसतात आणि कपडे चालत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातली एक मैत्रीण मला घेऊन गेली. मी पोहण्याचा पोशाख घालूनच आत शिरले. आत पंधराएक माणसं लाकडी पायऱ्यांवर बसली होती. प्रत्येकाच्या अंगाखाली टॉवेल, अगदी टाचांखालीसुद्धा, कारण घाम लाकडाला लागू द्यायचा नाही. हळू आवाजात गप्पा चालल्या होत्या. मी आत आले आणि गप्पा थांबल्या. कोपऱ्यातल्या एका आजींनी टॉवेलचं टोक हळूच छातीवर ओढून घेतलं. कुणी काही बोललं नाही, पण त्या आजींचा हात मी आजही विसरलेले नाही. मी यायच्या आधी त्या खोलीत कुणीच नागडं नव्हतं. मी कपडे घालून शिरले आणि सगळे नागडे झाले.

सगळेच उघडे असतील तर कुणाचं कुणावर वरचढपण राहत नाही. मॅनेजर आणि ड्रायव्हर, म्हातारी आणि तरणी, ऑपरेशनच्या खुणा असलेली आणि नसलेली, सगळी सारखीच घामाघूम. एक जण कपड्यात आला की त्याच्या हातात काहीतरी येतं. तो बघू शकतो आणि स्वतः बघितला जात नाही. मी त्या दिवशी बाहेर आले, पोशाख काढला, टॉवेल घेतला आणि परत गेले. लाज वाटली का? वाटली, पाचेक मिनिटं. पण आजींचा हात खाली आला होता.

बंद सौनात कपडे काढायचा नियम करता येतो, बागेत नाही करता येत. तिथे कपडेवाले आणि बिनकपड्यांचे शेजारी शेजारीच असणार. मग हा शेजार टिकतो कशावर? कपड्यातल्या माणसाने आपलं ते वरचढपण सोडून देण्यावर. म्हणजे नजर सरळ वाटेवर आणि फोन खिशात. पलीकडूनही काही पाळलं जातं: आइस्क्रीम आणायला निघालेला माणूस आधी कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि मगच उठतो. कुणी शिकवलेलं नाही, पण नऊ वर्षं बघतेय.

हे नेहमी गोडीगुलाबीने चालतं असंही नाही. बाल्टिक समुद्रातल्या उझडोम बेटावर जर्मनी-पोलंडची सीमा थेट वाळूतून जाते. डिसेंबर 2007 मध्ये पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात आला आणि पोलिश कुटुंबं किनाऱ्याने फिरत फिरत जर्मनीतल्या आलबेकपर्यंत येऊ लागली. वाटेत एफकेकेचा पट्टा. मुलांना घेऊन निघालेल्या कॅथलिक आयाबाया एकदम उघड्या लोकांमध्ये. तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांत गाजलं. मला त्या आयांचंही पटतं. आपल्याला काय दिसणार आहे हे माणसाला आधी कळायला हवं. ठळक पाटी हवी, वळून जायला दुसरी वाट हवी. उघडं राहण्याचा हक्क मी मानते, पण तो समोरच्यावर लादायचा हक्क मानत नाही.

"आपल्याकडे हे शक्यच नाही," असं ग्रुपवर बऱ्याच जणांनी लिहिलं. मी सांगली जिल्ह्यातली. तुमच्यातले निम्मे तिथलेच. आपल्या रस्त्यांवरून दिगंबर मुनी विहार करत जातात की नाही? शेजारच्या जैन घरी चौका, म्हणजे मुनींच्या आहाराची तयारी, लागायचा तेव्हा लहानपणी मी दारात उभी राहून बघितलंय. काकू कलश घेऊन उंबऱ्यापाशी उभ्या, "हे स्वामी नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ" म्हणत. महाराज आत येत, उभ्यानेच, ओंजळीत घास घेऊन आहार करत. घरातल्या सुना, नाती, म्हाताऱ्या भोवती. कुणाला अवघडल्यासारखं झालं नाही, कुणी खिदळलं नाही. महाराजांचं दिगंबरत्व त्यागाचं आहे आणि कुरणावरच्या बाईचं ऊन खाण्याचं, या दोन्हींची बरोबरी मी करत नाही, तसं कुणी वाचूही नये. मी बोलतेय बघणाऱ्यांबद्दल. कपड्यातल्या माणसांनी उघड्या देहासमोर कसं उभं राहायचं, हे आपल्या घरांना पिढ्यान् पिढ्या येतं.

माझी आई दोन वर्षांपूर्वी आली होती. त्याच कुरणाच्या कडेने आम्ही चाललो. तिने एकदा बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "थंडीच्या देशात राहतात बिचारे, ऊन दिसलं की घेत असतील." मग ओढ्यातली बदकं मोजत बसली. विषय संपला.

आणि मुंबईत बसून र. धों. कर्वे 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते, मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापत होते, शरीर अश्लील नसतं म्हणून सांगत होते. खटले अंगावर घेतले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण मासिक बंद पडू दिलं नाही. तेव्हा हा विषय मराठीला परका आहे असं मला कुणी सांगू नये.

परकं झालंय ते दुसरंच काही. गोव्यात साधा पोहण्याचा पोशाख घातलेल्या परदेशी बाईच्या मागे फोन घेऊन फिरणारी टोळकी आपण सगळ्यांनी बघितली आहेत. तिथे तर नग्नताही नसते. असतो तो फक्त आपला फोन आणि 'हिला काय कळतंय' ही खात्री.

आपल्या भाषेत 'नागवणं' या शब्दाचा अर्थ लुबाडणं असा आहे. सावकाराने नागवलं, दलालाने नागवलं, असं आपण म्हणतो. ती बाई कुरणावर उघडी होती, स्वतःच्या मर्जीने, तिच्यासारख्यांमध्ये. सांगलीच्या दोनशे फोनांत ती नागवली गेली.

मी काकांना फोन केला. म्हणाले, "अगं, ती उघड्यावर झोपलीय, तिला लाज नाही तर मला कशाला?" मी म्हटलं, "काका, तुम्ही पंचगंगेच्या घाटावर पंचा नेसून आंघोळ करता. कुणी तसा तुमचा व्हिडिओ काढून अनोळखी लोकांत हसायला पाठवला तर?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चुकलंच माझं." खरंच वाटलं असावं त्यांना, कारण त्यांनी लगेच स्वतःच्या फोनमधून काढून टाकला. पण ग्रुपवरून सगळ्यांसाठी काढायची वेळ टळून गेली होती, आणि तोवर तो आणखी तीन ग्रुपवर गेला होता.

या उन्हाळ्यात तुमच्यातलं कुणी इकडे येणार असेल तर जरूर या, माझ्याकडे जेवायलाही या. कुरणाच्या वाटेने जायचं असेल तर फोन पिशवीत ठेवा. आणि तो व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल तर आत्ता, हे वाचून झाल्यावर, काढून टाका.

काल संध्याकाळी ऑफिसातून परतताना मी मुद्दाम तिथून सायकल घेतली. ती होती. तोच निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, पुस्तक निम्म्यावर आलेलं. तिला सांगावं असं ठरवून गेले होते, जर्मनमध्ये वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती. तिने वर बघितलं, ओळख नसतानाही मान हलवून 'ग्र्युस गॉट', म्हणजे इकडचा नमस्कार, म्हणाली आणि पान उलटलं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.