सायरन ऐकूच येत नसेल तर?

आज एका रुग्णालयात मॉक ड्रिल झालं. सायरन वाजला, मजला भराभर रिकामा झाला, टाळ्या, फोटो. ओपीडीबाहेरच्या बाकावर मात्र एक आजोबा मांडीवर फाइल घेऊन तसेच बसलेले. त्यांना ऐकू येत नाही. लोक पळताना दिसले तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा आपल्या नंबरची वाट बघू लागले.

ड्रिलमधले ‘रुग्ण’ कोण, तर नर्सिंगचे विद्यार्थी. विशीतली धडधाकट मुलं. ती जिना उतरणारच!

रुग्णालयाच्या आपत्ती आराखड्यात एक ओळ हमखास असते: ‘वृद्ध, दिव्यांग, गरोदर स्त्रिया व बालके यांची विशेष काळजी घ्यावी.’ अहो, कोणी घ्यावी? रात्रपाळीला वॉर्डात दोन सिस्टर आणि एक मामा असताना बारा झोपून असलेले पेशंट कोण उचलणार? आगीत लिफ्ट वापरायची नाही, म्हणजे व्हीलचेअर जिन्याच्या तोंडाशीच अडते. म्हणून आधी त्याच मजल्यावर, फायर डोअरच्या, म्हणजे आग-धूर अडवणाऱ्या दाराच्या पलीकडच्या भागात हलवायचं. जिना त्यानंतर. त्यासाठी पेशंटला गादीसकट ओढून न्यायची पट्ट्यांची इव्हॅक्युएशन शीट गादीखाली आधीपासून घातलेली हवी, कपाटात घडी करून ठेवलेली नको. आणि दर पाळीला कागदावर यादी हवी: चालणारे किती, आधाराने चालणारे किती, झोपून किती, ऑक्सिजनवर किती. कागदावरच, कारण वीज गेली की कॉम्प्युटर बंद.

ऑक्सिजनचा हिशोब तरी कुणी करतं का? बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर लावला तर कागदावर ५ तास, १० लावला की अडीच. किल्ली आणि रेग्युलेटर सिलिंडरलाच बांधलेले हवेत. ते स्टोअरमध्ये असतात आणि स्टोअरला कुलूप असतं.

डायलिसिसचंही तेच. चार तासांच्या एका सेशनला मिनिटाला ५०० मिली या हिशोबाने १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. पूर आला, पाणी तुटलं, तर हे पेशंट जाणार कुठे? दुसरं केंद्र आधी ठरवलेलं हवं आणि सेशन चुकलं तर शरीरात साठणारं पोटॅशियम आणि पाणी कसं आवरायचं, याचा कागद पेशंटच्या घरी आधीच पोचलेला हवा.

सर्वात जास्त राग ट्रायेजचा, म्हणजे आधी उपचार कुणाला हे ठरवण्याच्या पद्धतीचा येतो. ‘स्टार्ट’ पद्धतीत आधी पुकारा होतो, चालता येतंय त्यांनी या बाजूला या. पुढे श्वास आणि रक्ताभिसरण बघून, ‘माझा हात दाबा’ असं सांगितलेलं करत नाही त्याला लाल पट्टी, म्हणजे उपचार सर्वांत आधी. आता ते आजोबा आठवा. ऐकूच आलं नाही तर हात दाबणार कसा? धडधाकट माणूस लाल होईल आणि खरा लाल मागे राहील. यावर उपाय फुकट आहे: खांद्याला हात लावा, समोर या, खुणेने करून दाखवा, मोठ्या अक्षरांचं कार्ड धरा. सायरनसोबत लुकलुकणारा दिवाही हवा.

मान्य, माणसं कमी आहेत, पैसा नाही. पण याद्यांना आणि कार्डांना कितीसा पैसा लागतो?

होऊ शकतं हो. २०१२च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयाची वीज गेली, तेव्हा नर्सेसनी नवव्या मजल्यावरून २० नवजात बाळं कुशीत घेऊन जिन्याने खाली आणली. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नव्हता त्यांना वाटभर हाताने बॅग दाबून श्वास देत. त्यासाठी प्रत्येक बाळाच्या खाटेशी त्याच्या मापाची बॅग आणि मास्क हवा. आपण भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत ९ जानेवारी २०२१ला १० बाळं गमावली. त्यानंतरही ड्रिलमध्ये बाळांच्या वजनाची एक बाहुलीसुद्धा नसावी?

ड्रिल संपल्यावर बऱ्याच वेळाने एका मावशींनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला, समोर बसून खुणेने सगळं सांगितलं. त्यांनी घाबरून फाइल पुढे केली. ‘माझा नंबर गेला का?’