रेबेकाच्या पोतडीतली हाडं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या कादंबरीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही कळकळीनं लिहिलंत. माणसं गाव सोडतात, मारली जातात, विसरली जातात आणि लेखक त्यावर जादूचा मुलामा चढवतो; इथं पुराव्यानिशी केलेलं साधं वार्तांकनच हवं, असं तुमचं म्हणणं. मला ते अजिबात पटलेलं नाही.

आईबापांची हाडं पोतडीत घेऊन आलेली अनाथ रेबेका तुम्हाला निव्वळ धक्कातंत्र वाटते. पण कोलंबियाच्या उत्तर टोकाला, ग्वाहिरा या भागात, वायू नावाचे आदिवासी मेलेल्या माणसाला दोनदा पुरतात. काही वर्षांनी हाडं बाहेर काढून स्वच्छ करतात आणि आईकडच्या कुळाच्या दफनभूमीत नेऊन ठेवतात. मार्केस आराकाताका या गावी आजोळी वाढला, त्या घरात वायू नोकरमाणसं होती. आजीआजोबाही मूळचे ग्वाहिरातलेच. १९०८ साली आजोबांच्या हातून द्वंद्वात एक माणूस मेला आणि आजोबांच्या कुटुंबाला बिऱ्हाड हलवावं लागलं. कादंबरीतलं माकोंदो गाव वसतं तेही असंच, मारलेल्या माणसाचं भूत घरात येऊन बसतं म्हणून. भुताखेतांच्या गोष्टी आजी रोजचा व्यवहार सांगावा तशा सांगायची. कादंबरीचा सूर तिच्याकडून आला, हे मार्केसनं अनेकदा सांगितलं आहे.

आता माकोंदोत येणारी विस्मरणाची साथ. नाव विसरू नये म्हणून गायीच्या गळ्यात पाटी अडकवतात, ते सगळ्यांना आठवतं. पण ही साथ सर्वात आधी ओळखतं कोण? विसितासिओन, माकोंदो वसवणाऱ्या कुटुंबाच्या घरातली आदिवासी मोलकरीण. याच रोगापायी तिला आणि तिच्या भावाला आपलं राज्य सोडून यावं लागलेलं असतं. विसरणं म्हणजे काय, हे त्या घरात फक्त परागंदा झालेल्या बाईला कळतं! स्थलांतराबद्दल याहून नेमकं मी फार थोडं वाचलं आहे.

राहिला वार्तांकनाचा मुद्दा. मार्केस स्वतः पत्रकार होता. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातल्या सिएनागाला युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीच्या संपकरी केळी-कामगारांवर लष्करानं गोळ्या झाडल्या. तिथल्या लष्कराचा प्रमुख जनरल कोर्तेस वार्गासनं मृतांचा आकडा ४७ सांगितला. बोगोतातल्या अमेरिकी वकिलातीनं वॉशिंग्टनला हजारावर कळवला. यातलं कोणतं वार्तांकन साधं म्हणायचं? कादंबरीत तीन हजार प्रेतं आगगाडीत भरून समुद्राकडे नेतात. त्या गाडीतून वाचलेला होसे आर्कादिओ सेगुंदो गावात परत येतो, तर इथं कुणी मेलंच नाही, असं त्याला लोक सांगतात. मग जवळपास पाच वर्षं पाऊस. इथं अतिशयोक्ती आहे ती गाडीत आणि पावसात. लोकांचं ते उत्तर मात्र शब्दशः वास्तव आहे, आणि माझ्या मते पुस्तकातली सर्वात भयंकर गोष्टही तीच.

नकला करणाऱ्यांवरचा तुमचा राग मला मान्य आहे. कादंबरीतल्यासारखी पिवळी फुलपाखरं उडवली की झालं, असं समजून लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पानांवर ना कुणाचं गाव सुटलेलं असतं, ना कुणाची हाडं पुरायची राहिलेली असतात. पण त्यांचा हिशेब मार्केसच्या नावावर मांडू नका.